तनुजाच्या रुखवतातल्या आठशे त्र्याहत्तर मेथड

सुपारी फुटली त्या दिवशी नवरदेवाच्या आत्या जगदेवीबाई लातूरला परत निघाल्या, गाडीत बसल्या, काच खाली केली आणि नवरीच्या वडलांना, वैजनाथअप्पांना, म्हणाल्या, "बाकी समदं तुमच्या मनानं होऊ द्या. रुखवत तेवढं पोरीच्या हातचं पायजे. इकत आणलेलं मला चालत न्हाई." काच वर गेली, गाडी वळली. वैजनाथअप्पा नांदेडच्या त्या गल्लीत हात जोडून उभेच होते.

रुखवत म्हणजे लग्नाच्या दिवशी मांडवात टेबलावर मांडलेले नवरीच्या हातचे जिन्नस, हे सगळ्यांना माहीत असतं. ते नवरीच्या हातचे नसतात, हेही सगळ्यांना माहीत असतं, आणि दोन्हीकडची मंडळी सभ्यपणे गप्प बसतात. जगदेवीआत्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या टेबलापुढं उभ्या राहत आणि एकेक वस्तू उलटी करून बघत. निलंग्याच्या एका लग्नात त्यांनी मोत्यांचा हंस उलटा केला, बुडाला दुकानाची चिठ्ठी निघाली, आणि आत्यांनी बँडवाल्याकडून माइक घेऊन ती चिठ्ठी फोन नंबरासकट वाचून दाखवली. त्या नवरीला आता दोन मुलं आहेत. पाहुण्यांत तिला अजून 'हंसवाली' म्हणतात.

आपल्या तनुजाला उभ्या जन्मात असं काही चिकटू नये, एवढीच वैजनाथअप्पांची इच्छा होती. मागणं मोठं नव्हतं. पण तनुजाच्या हातचं म्हणून घरात जे काही होतं, ते म्हणजे सातवीत विणायला घेतलेलं लोकरीचं तोरण. ते तोरण अर्ध्या दारापर्यंत येऊन थांबलं होतं, आणि तिच्या आईनं, नीलाबाईंनी, ते देवघराच्या अरुंद खिडकीला लावून प्रश्न मिटवला होता.

"तरोड्याकडं एक बाई हायत," नीलाबाई म्हणाल्या. "समदं करून देतात. चिठ्ठ्याबी काढून देतात. बुडाला पॉलिश मारतात."

वैजनाथअप्पा तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते. एकतीस वर्षं त्यांच्या टेबलावरून रहिवासी दाखले आणि अधिवास प्रमाणपत्रं गेली होती. परभणीच्या माणसानं आपण नांदेडचा आहोत असं म्हणावं आणि अप्पांनी त्याला पुरावा मागावा, यात त्यांची उमर गेली. आता त्यांनीच तरोड्याचा हंस आपल्या घरचा म्हणून लातूरला दाखवायचा, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"पोरगी धा-धा तास हातानंच काम करून राहिली की," ते म्हणाले. "ते काय पायानं करते?"

तनुजा वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. रुबी नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची. ती काय लिहिते ते अप्पांना कळत नव्हतं, आणि ते कळत नाही याचं त्यांना चार वर्षं वाईट वाटत होतं. गल्लीत कुणी विचारलं की ते "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणत. आपण पोरीबद्दल बोलतोय की एखाद्या फाइलीबद्दल, असं त्यांचं त्यांनाच वाटे. रुखवताच्या निमित्तानं का होईना, तिच्या हातचं काम चार माणसांपुढं टेबलावर मांडावं, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

कंपनीचं काम दाखवता येत नाही, ते कंपनीचं असतं. पण तनुजानं फावल्या वेळात एक काम स्वतःच्या हौसेनं केलं होतं. देवणी तालुक्यातल्या नातेवाइकांसाठी तिनं देवणी गायींची नोंदवही बनवली होती, म्हणजे कुठली गाय कुणाची, आई कोण, बाप कोण, रंग कोणता, व्यायची कधी. त्या नोंदवहीत 'गाय' नावाचं एक प्रकरण होतं. रुबीत त्याला क्लास म्हणतात. त्या क्लासला एकेक काम शिकवलेलं असतं, त्याला मेथड म्हणतात. गायीला 'भाकड' म्हटलं की ती भाकड गायींची यादी देते. 'लस राहिलेल्या' म्हटलं की लस राहिलेल्यांची. इथपर्यंत अप्पांना एका बैठकीत समजलं, आणि आपण इतकी वर्षं उगीच घाबरलो असं त्यांना वाटून गेलं.

आदर्श, म्हणजे होणारा जावई, लातूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच शिकवायचा. लग्नाची बोलणी सुरू झाल्यापासून दर रविवारी त्याचा फोन येई आणि दोघं तासभर गायींवर बोलत. नीलाबाईंना लग्नाच्या दृष्टीनं ते काळजीचं वाटे.

दुसऱ्या दिवशी अप्पा वर गेले. तनुजाची मीटिंग चालू होती. तिनं माइक बंद केला आणि अप्पांचं अर्धवट ऐकून म्हणाली, "त्या दुसऱ्या लॅपटॉपवर काळा पडदा हाय ना पप्पा, तिथं गाय लिहा, टिंब द्या, मेथड्स लिहा अन् एंटर मारा. समद्या दिसतील." आणि पुन्हा पुण्यात गेली.

अप्पांनी एंटर मारला. पडद्यावर नावं आली, वर सरकली, आणखी आली. अप्पा खुर्चीत बसले. त्यांनी पट्टी लावून मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा आठशे एकाहत्तर भरली, दुसऱ्यांदा आठशे त्र्याहत्तर. दुसरी मोजणी जास्त काळजीपूर्वक झाली असल्यानं ती धरली. चार वर्षांत पोरीनं आठशे त्र्याहत्तर कामं स्वतःच्या हातानं लिहून काढली आणि घरात कधी बोलली नाही. अप्पांना भरून आलं. जिन्यात थांबून त्यांनी डोळे पुसले आणि मग खाली आले.

ही गोष्ट त्यांनी फक्त शेजारच्या रामकिशन गुरुजींना सांगितली. गुरुजी निवृत्त झाल्यापासून गल्लीत सल्ल्याचं काम बघत. ते म्हणाले, "अप्पा, अशी गोष्ट टेबलावर मांडून कुणाला दिसणार हाय? फ्लेक्स लावा."

फ्लेक्स लागला. दहा बाय सहा. वर तनुजाचा फोटो, मध्ये 'स्वहस्ते लिहिलेल्या ८७३ मेथड', बाजूला फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं टाकलेली एक जर्सी गाय, आणि खाली गोल गोल चौकटीत शुभेच्छुकांचे फोटो. पहिला फोटो रामकिशन गुरुजींचा होता आणि नवरीच्या फोटोपेक्षा थोडा मोठा आला होता. गुरुजींनी संध्याकाळच्या आत त्या फ्लेक्सचा फोटो काढून जितक्या ग्रुपवर ते होते तितक्या ग्रुपवर पाठवला. त्यातला एक ग्रुप लातूरचा होता.

लातूरहून जगदेवीआत्यांचा आवाजी निरोप आला. "आठशे त्र्याहत्तर हायती म्हणता. लई चांगलं झालं. मी आठशे त्र्याहत्तर बघणार. टेबल लांब घ्या."

रविवारी दूध आणायला तनुजा खाली उतरली आणि स्वतःच्या फोटोपुढं उभी राहिली. मग दूध न आणताच परत आली.

"पप्पा, ह्या माझ्या न्हाईत."

"कुठल्या न्हाईत?"

"बहुतेक कुठल्याच. रेल्सच्या हायत."

अप्पांना फक्त रेल्वे समजली. मग तनुजानं समजावलं. असं काही कुणी पायापासून लिहीत नाही. रेल्स म्हणून एक तयार सांगाडा मिळतो. आपण 'गाय' म्हणून क्लास केला की त्या सांगाड्यात आधीच असलेल्या शेकडो मेथड गायीला आपोआप मिळतात. शोधा, मोजा, साठवा, पुसा, असल्या. त्या जगातल्या कुठल्याही माणसाच्या गायीला मिळतात. पडद्यावर नावं येताना हातची कोणती आणि आयती कोणती, ते वेगळं येत नाही. सगळ्या एकाच पंगतीत बसतात.

"म्हंजी इकत आणलेल्या," अप्पा म्हणाले.

"इकत न्हाई पप्पा, फुकट मिळतात."

याचं अप्पांना जास्त वाईट वाटलं.

"तुझ्या किती?"

"मोजल्या न्हाईत कधी. आठ-दहा असतील."

अप्पांनी खिडकीतून फ्लेक्सकडं पाहिलं. आठ-दहा हा आकडा त्यावर बसवून पाहिला. मग लातूरच्या मांडवात आत्यांच्या हातात माइक पाहिला, आणि त्यांना पाणी प्यावंसं वाटलं. तनुजा म्हणाली, जाऊ द्या, रुखवतच नको. अप्पा म्हणाले, आता नको म्हटलं तर फ्लेक्स खोटा ठरतो. जे तुझं आहे ते वेगळं काढायचं, मोजायचं आणि तेवढंच मांडायचं. एक असलं तर एक. पण ते तुझंच पाहिजे.

इथून पुढं सरकारी पद्धतीनं छाननी सुरू झाली.

पहिला सल्ला गुरुजींचा. नावाच्या पुढं खालची रेघ असलेल्या मेथड बाद करा, पोरीनं कशाला नावाला रेघ काढली असती? त्यात बऱ्याच गेल्या, पण पाचशेच्या वर उरल्या. मग गुरुजी म्हणाले, इंग्रजी नावं बाद करा. तनुजा म्हणाली, तसं नको. गायीला जिच्याकडून वारसा मिळाला त्या आई-क्लासच्या मेथडची यादी काढा, आणि गायीच्या यादीतून ती वजा करा. हे अप्पांना चटकन पटलं. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित. सात-बारावर हा भेद त्यांनी हजार वेळा केला होता. वजाबाकी झाली, आठशे सव्वीस वडिलोपार्जित गेल्या आणि सत्तेचाळीस उरल्या.

"सत्तेचाळीस बी कमी न्हाईत," अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा जरा उजळला. त्यांनी यादी वाचली. वानेरा, बालंक्या, शेवेरा. देवणी गायीच्या रंगांची ही तीन नावं. या तर पोरीच्याच. अमेरिकेत बसून सांगाडा बनवणाऱ्याला वानेरा म्हणजे काय ते कुठून माहीत असणार?

"त्या बी माझ्या न्हाईत पप्पा," तनुजा म्हणाली.

अप्पांनी चष्मा काढला.

तनुजानं एक ओळ लिहिली होती, की गायीचे रंग तीन आहेत, अमुक, अमुक आणि अमुक. तेवढ्यावरून रेल्सनं आपल्या मनानं प्रत्येक रंगाच्या नावाची एकेक मेथड करून टाकली. एवढ्यावर न थांबता 'वानेरा नसलेल्या', 'बालंक्या नसलेल्या', 'शेवेरा नसलेल्या' अशाही तीन केल्या, ज्या कुणी मागितल्या नव्हत्या. नाव मराठी, पण लिहिणारा हात तिचा नाही.

इथं नीलाबाईंनी कामकाजात भाग घेतला. आत्तापर्यंत त्या शेंगा निवडत ऐकत होत्या. "असं कसं?" त्या म्हणाल्या. "पीठ मी मळलं, तिखट-मीठ मी घातलं, अन् सोऱ्यातून दाबून काढलं. मग चकली सोऱ्याची का माझी?"

प्रश्न गंभीर होता. गुरुजींचं मत पडलं की चकली नीलाबाईंची. अप्पांचं मत पडलं की पीठ हाताचं आणि आकार सोऱ्याचा, त्यामुळं चकली संयुक्त. तनुजा म्हणाली की मी नुसतं पीठ सांगितलं, मळलंही नाही. यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी अप्पांनी विचारलं की जगदेवीआत्या काय म्हणतील? सहाही रंगीत मेथड बाद झाल्या.

"मग ओळखायचं तरी कसं?" अप्पा म्हणाले. "नावावरून कळत न्हाई, वारशावरून कळत न्हाई."

"पत्ता इचारायचा," तनुजा म्हणाली. "कुठल्याबी मेथडला इचारता येतं, तू कुठं लिहिलेली हायस. ती फाइलीचं नाव सांगते अन् ओळीचा नंबर. माझी असंल तर माझ्या फाइलीचा पत्ता येतो. रेल्सची असंल तर रेल्सच्या फोल्डरचा."

अप्पा हळूहळू ताठ बसले. त्यांच्या मुलीनं, चार वर्षं वरच्या खोलीत बसून, एक असं जग निवडलं होतं जिथं प्रत्येक कामाला त्याचं मूळ गाव विचारता येतं आणि ते खोटं बोलत नाही. त्यांच्या टेबलावर असा एकही अर्जदार कधी आला नव्हता. त्यांना प्रथमच वाटलं की पोरगी आपल्याच खात्यात लागली.

तनुजा म्हणाली, एक ओळ लिहिते, सगळ्यांचे पत्ते एकदम येतील. अप्पांनी नकार दिला. अशी एकगठ्ठा पडताळणी त्यांनी कधी मान्य केली नव्हती. प्रत्येक अर्जदार स्वतः हजर पाहिजे. त्यांनी जाड नोंदवही आणली, अनुक्रमांक, नाव, पत्ता, ओळ क्रमांक आणि शेरा असे रकाने आखले, आणि बाद झालेल्यांसकट आठशे त्र्याहत्तर मेथडना एकेक करून पत्ता विचारला. चार दिवस रजा टाकली. काही मेथड अशा निघाल्या की त्यांना पत्ताच नव्हता. त्या खुद्द रुबीच्या पोटातल्या, पडद्यावर नुसतं 'निल' यायचं. अप्पांनी त्यांच्यापुढं 'निरंक' लिहिलं. बेघर असूनही त्या इतकं काम करतात याचं त्यांना कौतुक वाटलं. वानेराला पत्ता विचारला तेव्हा तिनं रेल्सच्या फोल्डरचं नाव सांगितलं. अप्पांनी खात्रीसाठी तिला दोनदा विचारलं.

चौथ्या दिवशी हिशेब लागला. तनुजाच्या फाइलीचा पत्ता सांगणाऱ्या नऊ. बाकी आठशे चौसष्ट परगावच्या.

"नऊ," तनुजा म्हणाली. "पप्पा, त्यातली नववी जराशी—"

"पत्ता आपला हाय ना?"

"पत्ता आपलाच हाय, पण—"

"मग विषय संपला." अप्पांनी नववीपुढं बरोबरची खूण केली. एकदा पुरावा आल्यावर अर्जदाराचं पुढचं ऐकायचं नाही, ही त्यांची जुनी सवय होती.

आता या नऊ मेथडवर कुणाचा तरी शिक्का हवा होता. अप्पा यादी घेऊन नायब तहसीलदारांकडं गेले. साहेबांनी दोन्ही बाजूंनी पाहिली. कोणत्या नमुन्यात आहे, विचारलं. विहित नमुना नाही, अप्पा म्हणाले. मग साहेब म्हणाले, "वैजनाथअप्पा, साक्षांकन आता बंद झालं, तुम्हालाच माहीत आहे. स्वयंघोषणापत्र लागतं."

"कुणी द्यायचं, साहेब?"

"ज्याची मेथड त्यानं."

अप्पा परत आले. शिक्के बंद झाले तेव्हापासूनच त्यांना या राज्याचं काही खरं आहे असं वाटत नव्हतं. त्यांनी स्वयंघोषणापत्र काही घेतलं नाही. पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात तक्ता केला, नऊ नावं, नऊ कामं, नऊ पत्ते आणि शेऱ्याचा रकाना. आणि पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात छापून, उरलेल्या आठशे चौसष्ट चिकटवल्या. वर शीर्षक दिलं, 'खालील जिन्नस नवरीच्या हातचे नाहीत'. आत्या उलटं करून बघतातच, तर त्यांना तिथं शोधायला काही ठेवायचं नाही, असा तो विचार होता. नीलाबाई म्हणाल्या, असं कुणी करत नाही. अप्पा म्हणाले, म्हणूनच चिठ्ठ्या निघतात.

राहिला फ्लेक्स. आठशे त्र्याहत्तरावर कागद चिकटवून नऊ करू म्हटलं तर शुभेच्छुकांनी हरकत घेतली. गुरुजींनी सांगितलं, "माझा फोटो आठशे त्र्याहत्तरला दिलेला हाय. नऊला मी दिलेला न्हाई." फ्लेक्स उतरवला, घडी करून माळ्यावर टाकला, आणि अप्पांनी सुटकेचा श्वास घेतला.

लग्न लातूरला होतं. पहाटे टेम्पोत सामान भरलं. लोह्यापर्यंत ठीक गेलं. पुढं भुरभुर सुरू झाली, तेव्हा टेम्पोवाल्यानं सामानावर टाकायला काही तरी आणलंच असेल म्हणून शोधलं, आणि त्याला एक नवाकोरा फ्लेक्स मिळाला. तो माळ्यावरून टेम्पोत कसा आला यावर पुढं बरीच चर्चा झाली, आणि सगळ्यांनी आपापल्या परीनं गुरुजींकडं पाहिलं. अप्पा मागच्या जीपमध्ये होते. अहमदपूर आणि चाकूर या दोन गावांतून तनुजा, जर्सी गाय आणि ८७३ हा आकडा आभाळाकडं तोंड करून गेला, आणि तसाच लातूरच्या मंगल कार्यालयाच्या दारात थांबला. दारात जगदेवीआत्या स्वागताला उभ्या होत्या.

त्यांनी आकडा वाचला. मग आत जाऊन टेबल पाहिलं. नीलाबाईंनी शकुनापुरत्या करंज्या आणि ते अर्धं तोरण मांडलं होतं, आणि मधोमध पुठ्ठा. आत्यांनी तोरण उचलून उलटं केलं, मागच्या गाठी पाहिल्या आणि ठेवलं. "हे पोरीचंच हाय," त्या म्हणाल्या. त्यात कौतुक होतं की काय, ते अप्पांना समजलं नाही.

मग त्यांनी पुठ्ठा घेतला. वऱ्हाड गोळा झालं होतं. "भाईर आठशे त्र्याहत्तर हाय. इथं नऊच?"

"नऊच हायत," अप्पा म्हणाले. "भाईरचा आकडा चुकीचा हाय. चूक माझी हाय, पोरीची न्हाई."

हे बोलायला त्यांना बरेच दिवस लागले होते.

आत्यांनी पुठ्ठा उलटा केला. इतक्या वर्षांत त्यांनी जे शोधलं ते इथं शीर्षक देऊन, अनुक्रमांक घालून लिहिलेलं होतं. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. त्यांची बोटं पुठ्ठ्याच्या कडेनं फिरून आली, कुठं काही उचकटतं का बघून आली. काही उचकटलं नाही. मग त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला आणि आयुष्यात बहुधा प्रथमच वस्तूऐवजी माणसाकडं वळल्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ह्या नऊच्या नऊ तुझ्या हातच्या?"

तनुजा हळदीच्या हातांनी उभी होती. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पत्ता होता, ओळ होती, बापाची खूण होती.

"आठ माझ्या हायत, आत्या," ती म्हणाली. "नववी माझी न्हाई."

अप्पांच्या कानात बँड वाजल्यासारखं झालं. "अगं, पत्ता आपला हाय. ओळ एकशे बारा. मी सोता इचारलंय तिला."

"पत्ता आपल्याच फाइलीचा हाय, पप्पा. पण पत्त्यावरून हात कळत न्हाई. मी त्याच दिवशी सांगत होते."

ती सांगत होती, हे अप्पांना आठवलं. एकतीस वर्षांत आपण पत्ता पाहून किती जणांचं पुढचं ऐकलं नाही, हेही त्याच वेळी आठवलं, आणि ते आठवायला ही जागा बरोबर नव्हती.

"मग कुणाचा हात हाय?" आत्यांनी विचारलं.

तनुजानं मान खाली घातली. बाशिंग सावरत आदर्श गर्दीतून पुढं आला. "माझा, आत्या."

नववी मेथड होती 'बिल्ला हरवलेल्या'. कानातला बिल्ला पडला की गाय कुणाची ते कळत नाही, मग आई कोण, रंग कोणता, वय किती, यावरून तिचं घर शोधायचं. ते तनुजाला जमेना. आदर्शनं दोन रविवार बसून ते लिहून दिलं होतं. नीलाबाईंना लग्नाच्या दृष्टीनं काळजी वाटत होती, तेच ते रविवार.

जगदेवीआत्यांनी आपल्या भाच्याकडं खालून वर पाहिलं. "तू लिवलंस? हातानं?"

"हाव."

"घरात सोताचं ताट उचलून ठिवत न्हाईस."

अप्पांनी तोवर खिशातून पेन काढलं होतं. नववी खोडून आठ करायच्या आणि बाजूला छोटी सही, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

"खोडू नका, इवाई," आत्या म्हणाल्या आणि बँडवाल्यापुढं हात केला. बँडवाल्याला सवय असावी. त्यानं माइक दिला. तनुजाला आता काय नाव पडणार, एवढाच विचार अप्पांच्या मनात होता आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ऐका," आत्यांचा आवाज भोंग्यातून आला. "रुखवतात नऊ जिन्नस हायत. आठ पोरीच्या हातचे. इचारल्यावर नववा तिनं सोताचा म्हणला न्हाई. तो आमच्या आदर्शच्या हातचा निघाला. आमच्या घरातल्या बाप्याच्या हातचं काही मांडवात लागायची ही पहिली येळ हाय. समद्यांनी येऊन बघून जावा. मागच्या बाजूनं बी बघा, तिथं काय काय आपलं न्हाई ते लिवलंय."

लोकांनी रांग लावली. पुठ्ठ्यात काय लिहिलंय ते कुणाला कळलं नाही, पण प्रत्येकानं तो उलटा करून बघितला. अक्षता अर्धा तास उशिरा पडल्या. रांग थोडी कमी झाली तेव्हा अप्पा टेबलाजवळ गेले. पोरीनं भर मांडवात आपलं नसलेलं आपलं म्हटलं नाही, याचा त्यांना अभिमान वाटत होता. नवव्या ओळीपुढं शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पत्ता नांदेड. हात लातूर.' खाली छोटी सही केली आणि तारीख घातली.

तनुजाला पाहुण्यांत कुणी काही म्हणत नाही. आदर्शला मात्र निलंग्यापासून देवणीपर्यंत 'रुखवतवाला' म्हणतात.